तुम्ही विचारलंत म्हणून: लिनपासूनच सुरुवात का?

मी पादत्राणांच्या आरेखनाचा वर्ग घेतो. इंग्लंड आणि इटली सोडून अमेरिकेतल्या लिन या शहरापासूनच तुम्ही इतिहास का सुरू करता, असे दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच. यंदा दोघांनी विचारले, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो.

बूट शिवतात असे आपण म्हणतो, पण त्याला आकार येतो तो कलबुतावर. पायाच्या घाटाच्या त्या लाकडी ठोकळ्यावर वरचे कातडे पकडीने ताणून खाली ओढायचे आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून धरायचे. बाजूंना हे काम सोपे जाते. बुटाच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, मात्र सपाट कातडे गोल वळणावर बसवताना उरलेला भाग बारीक, सारख्या चुण्यांत जिरवावा लागतो. शिकाऊ असताना मी चढवलेल्या पहिल्या बुटाच्या नाकाखाली सात जाडजूड चुण्या पडल्या होत्या आणि तळ लावल्यावर तो बूट टेबलावर डुगडुगत असे.

बॉस्टनच्या उत्तरेला असलेल्या लिनचा इतिहास माझ्या मते याच एका कामापाशी येऊन अडकला होता. वेल्समधून आलेल्या जॉन ॲडम डागिर या कारागिराने १७५० पासून तेथे स्त्रियांचे नाजूक बूट करायला शिकवले आणि पुढे गावाची ओळखच ती झाली. घरांच्या मागे दहा फूट लांबीरुंदीची खोपटी असत. त्यांना ‘टेन-फुटर’ म्हणत. मालकाच्या पेढीत कातडे बेतले जाई, बायका घरी बसून वरचे भाग शिवत, आणि खोपट्यात पुरुष ते कलबुतावर चढवून तळ जोडत. एक बूट अशी तीन दारे फिरणार म्हटल्यावर ती दारे चालत जाण्याच्या अंतरावर असणे भागच होते. बुटांचा धंदा एका वस्तीत का दाटतो, याचे याहून सोपे कारण मला सापडलेले नाही.

मग यंत्रे आली. १८५० च्या दशकात शिवणयंत्राने वरच्या भागांची शिलाई घरातून कारखान्यात नेली आणि १८५८ मध्ये लायमन ब्लेक याने तळ शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मजुरी घसरत गेली तेव्हा २२ फेब्रुवारी १८६० रोजी कारागिरांनी संप पुकारला. मार्चमध्ये शेकडो स्त्रिया बर्फातून मिरवणुकीने निघाल्या. कलबुतावर कातडे चढवण्याचे काम मात्र हातातच राहिले. चांगला कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड चढवी, आणि त्याच्या हाताची गती हीच साऱ्या कारखान्याची गती असल्यामुळे त्याची संघटनाही बळकट होती.

हा पेच सोडवला तो यान मॅत्सेलिगर याने. सुरिनाममधल्या पारामारिबो येथे १८५२ मध्ये जन्मलेला हा तरुण १८७७ मध्ये लिनला आला. कारागिरांची बोटे कशी चालतात हे तो निरखत राहिला आणि सिगारच्या खोक्यांचे लाकूड, तारा असल्या सामानातून त्याने पहिला नमुना जुळवला. त्याचे आराखडे इतके गुंतागुंतीचे होते की पेटंट कचेरीला आपला माणूस यंत्र पाहायला लिनला धाडावा लागला. २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळाले. त्याचे यंत्र कातडे ओढी, नाकाशी चुणी घाली आणि चूक ठोकून पुढे सरके. दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत. भांडवलासाठी पेटंटमधला मोठा वाटा त्याला आधीच विकावा लागला होता. १८८९ च्या ऑगस्टमध्ये, सदतिसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने तो गेला. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लागलेल्या आगीत लिनच्या बूट कारखान्यांच्या वस्तीतील कितीतरी इमारती भस्म झाल्या.

आम्हा आरेखकांच्या दृष्टीने गोष्ट इथे वळते. काम हाती होते तोवर नाकाचा घाट थोडाफार चढवणाऱ्याच्या बोटांवर ठरे; कागदावरचे चुकले तरी तो सावरून घेई. यंत्र सावरून घेत नाही. चुण्या किती आणि कुठे पडतील, याचा विचार कातडे बेतण्याआधीच करणे भाग पडले, आणि आज माझा निम्मा अभ्यासक्रम त्यावरच खर्ची पडतो.

लिनचा धंदा विसाव्या शतकात ओसरला. उरलेल्या जुन्या कारखान्यांपैकी बरेच १९८१ च्या नोव्हेंबरातील आगीत गेले. वर्गात पहिल्या दिवशी मी यंत्राला हात लावू देत नाही. पक्कड, चुका, कलबूत आणि कातड्याचा एक तुकडा देतो, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या बुटाच्या नाकाखालच्या चुण्या मोजतो.