ऋतुजाची मॅच आणि सरकारी खर्चाचा घोर

१० सप्टेंबर २०२५, रात्री

ऋतुजा पिसाळने आज परत गोल मारला! महिला हॉकीच्या आशिया कपच्या सुपर फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या फेरीत, कोरियाला ४-२ हरवलं आपण, पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी फाळकेचा आणि शेवटचा ५९ व्या मिनिटाला ऋतुजाचा, म्हणजे खातं उघडलं ते पण साताऱ्याच्या पोरीने आणि शिक्कामोर्तब केलं ते पण साताऱ्याच्याच पोरीने. मॅचच्या वेळी ऑफिसात होते त्यामुळे मोबाईलवर नुसता स्कोअर बघत होते, घरी आल्यावर गोल परत परत बघितले.

मी ऋतुजाला फॉलो करायला लागले ते ह्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून. महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदाच झाली, रांचीला फायनल होती, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा, आणि ओडिशा २-१ ने जिंकली त्यातले दोन्ही गोल हिचे! दुसरा तर शेवटच्या क्वार्टरमध्ये, १-१ झालेलं असताना. कॉमेंटेटर नाव नीट घेत नव्हता आणि मी इकडे टीव्हीसमोर ओरडतेय की अरे पिसाळ आहे ती पिसाळ. मग मागचं शोधून शोधून वाचलं, २०२३ ला चिलीला ज्युनियर वर्ल्डकप झाला तेव्हा ती व्हाईस कॅप्टन होती, आपण तिथे नववे आलो. तेव्हा मला तिचं नाव पण माहीत नव्हतं ह्याचं आता वाईट वाटतं.

मला तिचा खेळ आवडतो कारण ती डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, थांबून राहते. थांबून म्हणजे आळशीपणे नाही, बॉल कुठून येईल ते बघून जागा धरते, डिफेंडरच्या अर्धं पाऊल पुढे, आणि आला की एकाच टचमध्ये आत. फॉरवर्डला लांबून धावत येऊन हाणायची घाई असते, हिला नाही. जपानविरुद्ध २-२ झाली त्यातला एक गोल पण तिचाच.

११ सप्टेंबर

चीनने ४-१ ने मारलं. फार लिहायला नको. त्यांचा स्पीडच वेगळा आहे, आपण बॉल काढून घेतला की पुढच्या दोन पासात परत गमावतोय.

ऑफिसात आजपण तेच चालू होतं. बिलं तयार, सह्या झालेल्या, आणि बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी नाही. मी लेखा शाखेत आहे, तरतूद आणि प्रत्यक्ष वितरण ह्यातला फरक माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं बजेटात आकडा छापला म्हणजे पैसे आले. तसं नसतं. बजेटात १०० लिहिलेले असतात, त्यातले किती आणि कधी बीम्सवर दिसतील ते वित्त विभागाच्या परिपत्रकावर, आणि मार्च जवळ आला की उरलेल्यावर कात्री. पगार थांबवता येत नाहीत, पेन्शन थांबवता येत नाही, कर्जाचं व्याज तर अजिबातच नाही, ज्या योजनेचा हप्ता लोकांच्या खात्यात जातो तो एक महिना लांबला तरी गावभर होतं. मग कात्री कुठे लागणार? जिथे कोणी ओरडणार नाही तिथे.

१४ सप्टेंबर, रविवार

फायनल हरलो. परत चीन, परत ४-१. पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला तेव्हा मी अक्षरशः उभी राहिले होते, पण नंतर हळूहळू मॅच हातातून गेली. जिंकलो असतो तर पुढच्या वर्षीच्या वर्ल्डकपचं थेट तिकीट होतं, आता क्वालिफायर खेळावं लागणार. सिल्व्हर काही कमी नाही, गोलकीपर सविता नाही, फॉरवर्ड दीपिका नाही, दोघी दुखापतीमुळे बाहेर, तरीपण फायनलपर्यंत आलो. जूनमध्ये प्रो लीगमध्ये तळाला राहून बाहेर पडलेली हीच टीम, गेल्या वर्षी पॅरिसला तर जाताच आलं नव्हतं. त्या मानाने पोरींनी खूप केलं.

संध्याकाळनंतर घरात, बिल्डिंगमध्ये, सगळीकडे क्रिकेटच. भारत पाकिस्तान दुबईला. बाबा म्हणाले अगं तुझी हॉकी झाली ना, आता रिमोट दे. दिला. मी आत येऊन हे लिहायला बसले कारण डोक्यात एक गोष्ट आठवडाभर फिरतेय ती आज उतरवूनच काढायचीय.

ऋतुजा, वैष्णवी, अक्षता ढेकळे ह्या पोरी घडल्या त्या सरकारी खर्चातून. अक्षरशः. वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसूची, अक्षता वाखरीची. शेतकरी भागातल्या पोरी. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आल्या, प्रबोधिनी म्हणजे राज्य सरकारची निवासी योजना, राहणं जेवण शाळा कोचिंग सगळं सरकारचं, आणि बालेवाडीला टर्फ, म्हणजे हॉकीचं कृत्रिम गवताचं मैदान. वैष्णवी पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ घेऊन आली, गेल्या वर्षी राजगीरला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीचं गोल्ड. नेमबाज स्वप्नील कुसाळेपण प्रबोधिनीचाच, २००९ ला गेला तो तिथे आणि ऑलिम्पिकचं ब्राँझ आलं २०२४ ला. पंधरा वर्षं! पदकानंतर राज्याने दोन कोटी दिले ते सगळ्यांनी पेपरात वाचलं, त्याच्या आधीच्या पंधरा वर्षांचा खर्च कोणत्या हेडवर, म्हणजे बजेटातल्या कोणत्या शीर्षाखाली, पडला होता ते कोणी विचारलं का? ते कुठल्यातरी पानावर वेतन, पुरवठा व सामग्री, आहार, प्रवास अशा रटाळ ओळींत होतं, आणि ती ओळ दरवर्षी, सरकार कुठलंही असो, चालू राहिली म्हणून तो पोरगा पॅरिसला उभा राहिला.

मला घोर लागलाय तो ह्या रटाळ ओळींचा.

राज्याचं ह्या वर्षीचं बजेट मी मार्चमध्ये कामाचा भाग म्हणून वाचलं आणि नंतर परत घरी स्वतःसाठी वाचलं. महसुली तूट ४५,८९१ कोटी. म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच कमाई पुरत नाही. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाणार. लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटी. आणि पावसाळी अधिवेशनात परत ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, बजेट होऊन चार महिने पण झाले नव्हते. तुलनेसाठी बघायचं तर केंद्राच्या युवक आणि क्रीडा मंत्रालयाचं अख्ख्या देशाचं वर्षाचं बजेट ३,७९४ कोटी, त्यात खेलो इंडिया १ हजार कोटी. म्हणजे देशभरच्या खेळाचा केंद्राचा पैसा आपल्या एका राज्याच्या एका योजनेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा.

आता हे लिहिलं की कोणालाही वाटेल मी लाडकी बहीण बंद करा म्हणतेय. नाही म्हणत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना १५०० रुपये महिन्याला काय असतात ते मी बघितलंय, नातीच्या शाळेचे बूट आणि वह्या त्यातून आल्या, नवऱ्याकडे हात पसरावा लागला नाही. ज्या घरातून ऋतुजासारख्या पोरी येतात त्याच घरातल्या आया आहेत त्या. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. आणि ऑगस्टमध्ये नांदेडकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला, पिकं गेली, माणसं गेली, तिथे मदत द्यायची सोडून हॉकीच्या टर्फला पैसे द्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? हे सगळे खर्च खरे आहेत, गरजेचे आहेत.

पण म्हणूनच भीती वाटते ना. एक मोठा खर्च आणि एक फालतू खर्च असता तर सोपं होतं, फालतू कापा. इथे सगळेच गरजेचे, आणि पैसे कमी, मग ज्याच्या मागे मतं नाहीत तो खर्च आधी जातो, हे मी माझ्या टेबलावर बघते. मे महिन्यात सामाजिक न्यायचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी लाडकी बहीणकडे वळवले तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली होती. ज्या खात्याला मंत्री आहे, ज्याच्या मागे समाज आहे, कायदेशीर संरक्षण आहे, त्याचं असं होतं. मग वसतिगृहातल्या चाळीस-पन्नास पोरींच्या अंडी-दुधाच्या ओळीचं काय होईल? कोण येणार त्याच्यासाठी रस्त्यावर? बारा वर्षांच्या मुली?

आणि ही कापाकापी दिसत पण नाही. प्रबोधिनी बंद केली असा जीआर कधीच निघणार नाही. आधी एक कोच रिटायर होईल आणि जागा भरली जाणार नाही, मग मानधनावर कोणीतरी येईल, त्याचं मानधन चार महिने थकेल, तो जाईल. टर्फ दहा वर्षांच्या आसपास बदलावं लागतं, ते एक वर्ष पुढे ढकलतील मग अजून एक. झिजलेल्या टर्फवर गुडघे जातात पोरींचे. पाण्यावरचं टर्फ असेल तर प्रत्येक मॅचआधी भिजवावं लागतं, पंप बिघडला तर दुरुस्तीचं बिल मंजूर होईपर्यंत कोरड्यावर खेळा. गोलकीपरचं किट जुनं झालं तर जुनंच बांधा. दरवेळी थोडं थोडं. नऊ-दहा वर्षांनी लोक विचारतील महाराष्ट्राच्या पोरी टीममध्ये का दिसत नाहीत आणि कोणालाच सांगता येणार नाही की नेमकं कधी बिघडलं.

ह्याच्या उलट ज्या खर्चाचा फोटो निघतो त्याला पैसे मिळतात. केंद्राने मागच्याच महिन्यात २०३० च्या कॉमनवेल्थसाठी अहमदाबादची बोली मंजूर केली, २०३६ ऑलिम्पिकचं पत्र तर गेल्या वर्षीच गेलंय. मला आनंद पण होतो, आपल्या पोरी घरच्या प्रेक्षकांसमोर खेळतील. पण २०१० च्या दिल्लीचं काय झालं ते विसरता येत नाही, कॅगने नंतर एकूण खर्च साडेअठरा हजार कोटींच्या घरात मोजला आणि त्या अहवालात काय काय निघालं ते सगळ्यांना आठवत असेल. स्पर्धेसाठी बांधणं वाईटच असं नाही म्हणत मी. बालेवाडी पण १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीच बांधली होती. पण स्पर्धा संपल्यावर तिथे पोरं रोज सकाळी उठून पळायला लागली, राहायला लागली, म्हणून त्या सिमेंटचे पैसे वसूल झाले. बांधणं एकदाच होतं, पोरं तिथे ठेवणं दरवर्षी करावं लागतं.

ओडिशाचं उदाहरण मला म्हणूनच पटतं. २०१८ पासून ते राज्य भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीमचं स्पॉन्सर आहे, आणि गेल्या वर्षी तिथलं सरकार बदललं, दुसऱ्या पक्षाचं आलं, तरी करार मोडला नाही, उलट २०३६ पर्यंत वाढवला. ओडिशा काही श्रीमंत राज्य नाही आपल्यासारखं. त्यांनी ठरवलं की हा खर्च चालू ठेवायचा आणि ठेवला. आपल्याकडे धनराज पिल्ले खडकीतून आला, हॉकीची परंपरा काय कमी आहे का, पण आपल्याला हॉकी आठवते ती पदक आलं की.

बाहेर ओरडा ऐकू येतोय, क्रिकेट जिंकलं वाटतं.

१५ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत आमच्या सेक्शनमधल्या सरांशी बोलले ह्या विषयावर. ते माझ्यापेक्षा खूप सीनियर, कोषागारात पण होते आधी. म्हणाले, ताई तुमचं बरोबर आहे पण एवढ्याशा रकमेने राज्याची तूट ना वाढते ना कमी होते, मग काळजी कसली करता. मी म्हटलं सर तेच तर, एवढ्याशा रकमेने तूट कमी होणार नसेल तर ती कापायची कशाला? ते थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले, कापणारा रक्कम बघत नाही हो, टक्के बघतो. सरसकट अमुक टक्के म्हटलं की मोठ्या हेडला खरचटतं आणि छोट्या हेडचा हात जातो.

हे मला कधी इतकं स्पष्ट सुचलं नव्हतं. पन्नास कोटींच्या खरेदीत तीस टक्के कमी केले तर खरेदी पुढच्या वर्षीवर जाते, पण वसतिगृहाच्या आहारात तीस टक्के कमी केले तर वाढत्या वयाच्या पोरींचं ते वर्ष परत येत नाही. हॉकीत पंधरा ते अठरा ही वर्षं गेली की गेली. ऋतुजा त्या वयात असताना कोणीतरी तिच्या ओळीवर सरसकट टक्के लावले असते तर रांचीला ते दोन गोल झाले असते का मला माहीत नाही, पण मला ह्या प्रश्नाने झोप लागत नाही हे खरं.

सरांनी एक चांगली गोष्ट सांगितली, की आकडे ओपन असतात, बीम्सवर कोणीही बघू शकतं, पण बघतं कोण. तर मी बघणार आहे. हेड २२०४, क्रीडा व युवक सेवा. तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, हे दर महिन्याला वहीत उतरवून ठेवायचं ठरवलंय, डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील त्यात क्रीडा खात्याचं पान काढायचं, आणि मार्चला किती निधी समर्पित झाला, म्हणजे न वापरता परत गेला, ते पण. काही गडबड दिसली तर आमच्या भागातल्या आमदारांना पत्र लिहिणार, आकड्यांसकट. सरकारी नोकरीत आहे म्हणून बाबा घाबरतात पण छापलेले आकडे विचारणं हा काही गुन्हा नाही.

ऑगस्टपर्यंतचा आकडा आज घेतला लिहून. वर्ल्डकपच्या क्वालिफायरच्या तारखा आल्या की रजा टाकणार आहे, ह्यावेळी नुसता स्कोअर बघत बसणार नाही.