मॅच डीडीवर आहे, मग केबलवर का नाही?

मंगळवार पेठेत वीस वर्षं केबलचा धंदा केला. आता तो भाच्याकडे दिलाय, तरी भारताची मॅच असली की फोन मलाच येतो. "मामा, डीडीवर मॅच हाय म्हणत्यात, आपल्यात दुसरंच काय तरी लागलंय. लाईन बघा की जरा!" तुम्हीही परवा तेच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

लाईन ठणठणीत असते. घोळ दोन कायद्यांचा आहे.

पहिला 1995 चा केबल कायदा. त्याच्या कलम 8 प्रमाणे दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या केबलवाल्यानं दाखवायच्याच, त्याही काही न कापता, न बदलता. गिऱ्हाईक बघो न बघो. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नवे दर लागू झाले. तेव्हा 100 वाहिन्यांना महिन्याला 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या तेव्हा त्या शंभरातच धरलेल्या होत्या. समोरच्या काकू वहीत यादी उतरवून आल्या. "हे बंगाली, पंजाबी आमच्यात कोण बघतंय रं? तेवढं काढ आणि पैसं कमी कर." काढता येत नाही, आणि त्या वाहिन्या फुकटच असल्यानं काढून पैसेही कमी होत नाहीत, हे समजावेपर्यंत माझा चहा गार झाला. काकूंना ते अजून पटलेलं नाही.

दुसरा कायदा 2007 चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून सरकारनं जाहीर केलेल्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण, हक्क विकत घेणाऱ्या खासगी वाहिनीनं प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचं, तेही आपल्या जाहिराती काढून. दूरदर्शननं त्यावर स्वतःच्या जाहिराती लावायच्या आणि त्या कमाईतला किमान 75 टक्के हिस्सा हक्कवाल्याला द्यायचा. आता दूरदर्शन केबलवर सक्तीचं, म्हणजे मॅचही आपोआप केबलवर फुकट. बरीच वर्षं तसंच चाललं आणि आमची चंगळ झाली.

22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. ही मॅच दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या फुकट डीटीएचवरूनच, म्हणजे फ्री डिशवरूनच, दाखवायची. केबल आणि खासगी डिशवाल्यांनी ती उचलायची नाही. कायदा केला तो ज्याच्याकडे केबल, खासगी डिश यातलं काहीच नाही त्याच्यासाठी. धंदेवाईक म्हणून मला निकाल पटतो. ज्यानं कोट्यवधी मोजून हक्क घेतले, त्याची वाहिनी पैसे भरून कोण घेईल, तीच मॅच शेजारच्या नंबरवर फुकट असेल तर?

पटत नाही ते एवढंच, की हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मॅचच्या वेळी आमच्याकडं डीडीच्या नावाखाली वेगळाच कार्यक्रम येतो. पेपरात छापून येतं 'मॅच दूरदर्शनवर', आणि शिव्या खातो पेठेतला केबलवाला.

विश्वचषकाच्या एका मॅचला तर तालमीची पोरं दारातच आली. चाळीसएक जण, मध्ये टीव्ही, टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम. खासगी वाहिनीचं पॅकेज घ्या म्हटलं, तर वर्गणीचा विषय निघाला आणि सगळे गप्प. शेवटी म्हटलं, गावाकडं ज्याच्या घरात फ्री डिशची छत्री पडून असेल ती आणा. त्याला महिन्याचं भाडं नाही. तासाभरात एक जण मोटरसायकलवर मागं छत्री धरून हजर.

तालमीच्या पत्र्यावर मीच चढलो. छत्रीचं तोंड आग्नेयेला करून बोटभर इकडं, बोटभर तिकडं, खालनं "आलं! गेलं! थांबा, आलं!" असा ओरडा. नट आवळला तेव्हा दुसरी ओव्हर सुरू होती.

"मामा, वायर कमी पडाल्या," खालनं एक जण म्हणाला. "तुमच्या केबलची जोडू का?"

"जोड की," म्हटलं.