डब्यातले लाडू की लाडवांचा डबा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचं मनावर घेतलं. फोटो ५५० जीबी, डिस्क १ टीबीची. एक मित्र म्हणाला, "माउसने ओढत बसू नकोस, आरसिंक वापर, फाइली उतरवायची कमांड असते ती. पुढच्या वेळेपासून ते नवं तेवढंच उचलतं." मी अर्थातच व्हिडिओ लावला. १८ मिनिटांचा, त्यातली पहिली तीन 'तो दोस्तों' करण्यात गेलेली. मग व्हिडिओतला मुलगा टाइप करेल तसं मीही करत गेलो. मध्येच थांबवायचं, डोळे बारीक करायचे, हे इंग्रजी एल आहे की एक आकडा ते ठरवायचं, पुढे सरकायचं. शेवटी एंटर दाबलं आणि फोटो सरसर जायला लागले. खूश होऊन तो सांगत होता ती कमांड वहीत उतरवून ठेवली.

व्हिडिओला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. कमांड टाइप करायच्या काळ्या पडद्यासमोर पहिल्यांदा बसलेल्या माणसाला धीर हवा असतो, आणि तो छापील कागद देत नाही. मी खूप वर्षांपूर्वी पहिल्यांदा 'मॅन' ही कमांड दिली, म्हणजे इतर कमांडांची माहितीपानं उघडणारी, तेव्हा ते पान उघडलं खरं, पण त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना. एस्केप दाबून पाहिलं, कंट्रोल-सी करून पाहिलं. शेवटी खिडकीच बंद केली. क्यू दाबायचा असतो, हे तळाशी लिहिलेलंही होतं. पण घाबरलेल्या माणसाला तळओळ दिसत नाही.

जानेवारीत लग्नाचे दोनेकशे फोटो आले. वही उघडली, कमांड जशीच्या तशी टाइप केली. दोन मिनिटांचं काम. चहा करून आलो तरी चालूच. जेवून आलो तरी चालूच. रात्री कधीतरी पडद्यावर ओळ आली: डिस्कवर जागा शिल्लक नाही. डिस्क उघडून बघतो तर बाहेर सगळे फोटो होतेच, आणि त्यांच्या शेजारी 'फोटो' नावाचं एक नवं फोल्डर. त्यात तेच सगळे फोटो पुन्हा, अर्ध्यावर जागा संपेपर्यंत.

व्हिडिओ पुन्हा लावला. कमांड तीच होती. दहाव्यांदा पाहताना दिसलं, की त्याने फोल्डरचं नाव अर्धवट टाइप करून टॅब दाबला होता. टॅबने नाव पुरं केलं आणि शेवटी गुपचूप एक स्लॅश, म्हणजे '/' ही तिरकी रेघ, लावून दिला. तो तोंडाने म्हणाला नुसतं "फोटो फोल्डर". पहिल्या दिवशी मीही सवयीने टॅबच दाबला होता. वहीत मात्र ऐकलं तेवढं उतरलं, आणि स्लॅश काही ऐकू येत नाही.

मग नाइलाजाने आरसिंकचं मॅन पेज, म्हणजे तेच माहितीपान. त्यात शब्द शोधायलाही स्लॅशच दाबावा लागतो, ही एक गंमत. स्लॅश दाबून 'स्लॅश' शोधलं आणि दोन-चार उड्यांत तो परिच्छेद सापडला. मूळ फोल्डरच्या नावामागे स्लॅश असेल तर आतला माल जातो. नसेल तर फोल्डर नावासकट जातं. म्हणजे "डब्यातले लाडू दे" आणि "लाडवांचा डबा दे" यातला फरक. मी दुसऱ्या वेळी डबा दिला होता. त्याच पानात 'डॅश एन' हा पर्यायही होता: काही न हलवता, काय हलवलं असतं ते नुसतं दाखवणारा. १८ मिनिटांत त्याचा उल्लेखही नव्हता.

पण खरं सांगायचं, तर दिवाळीत हे पान वाचलं असतं तरी मी तो परिच्छेद ओलांडून पुढे गेलो असतो. मॅन पेज पंचांगासारखं आहे. सगळं त्यात असतं, पण मुहूर्त हवा असेल त्यालाच ते बोलतं. चौकोनी कंसातलं ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे हवं तितक्यांदा, ही त्याची भाषा आधी शिकावी लागते. मांडणीही पंचांगाइतकी नसली तरी जुनीच: या कमांडा जिथून आल्या त्या युनिक्स प्रणालीचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केलेलं. त्यात कमांडच्या पानाच्या शेवटाकडे 'बग्ज', म्हणजे दोष, असा मथळा असायचा. आमच्या मालात काय खोट आहे ते आम्हीच सांगतो, असा. मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत असं काही मला अजून सापडलेलं नाही.

परवा भाच्याला हेच शिकवायचं होतं. तो बंगळुरूला, मी इथे. पडदा शेअर केला. म्हटलं, नीट बघ, फोटो फोल्डर, मग बॅकअप, आणि एंटर.

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "मामा, तो मधला स्लॅश कुठून आला?"