पेटी कुठून गेली ते सांग

देवगडला माझ्या ताईच्या सासरी हापूसची बाग आहे. फळ उतरवणे, अढी लावणे, पेट्या भरणे ही कामे ताई आणि भावोजी पाहतात. संकेतस्थळ, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मी पुण्यात बसून सांभाळतो. हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा, त्यामुळे चुकीचे आकडे पाहून घेतलेला निर्णय सुधारायला आम्हाला पुढच्या मार्चची वाट पाहावी लागते.

दोन हंगामांपूर्वी मी भावोजींना मोठ्या उत्साहाने एक तक्ता दाखवला होता. कोणती रील किती जणांनी पाहिली, कोणत्या लेखाला किती वाचक आले, सगळे रंगीत स्तंभांत मांडलेले होते. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "अरे, बघणारे बघून गेले. पेटी कुठून गेली ते सांग." माझ्या तक्त्यात याचे उत्तर नव्हते. त्याच सुमारास एका कंपनीचा प्रतिनिधी मला सगळ्या माध्यमांचे आकडे एकाच पडद्यावर दाखवणारे सशुल्क साधन घेण्याचा आग्रह करत होता आणि मी ते जवळजवळ घेतलेही होते. भावोजींच्या त्या एका वाक्यामुळे थांबलो.

असे साधन सगळ्यांनाच निरुपयोगी असते, असे मला म्हणायचे नाही. दहा ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या संस्थेचा त्यात बराच वेळ वाचतो. मात्र त्यातली 'एकूण व्ह्यूज' ही संख्या मला पटत नाही. फेसबुकवर व्हिडिओ तीन सेकंद चालला की तो पाहिला गेला असे बरीच वर्षे धरले जात होते, तर यूट्यूबने ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, नुसते सुरू झाले तरी मोजायला सुरुवात केली. खुद्द फेसबुकने २०१६मध्ये मान्य केले होते की, व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांहून कमी पाहिलेले प्रसंग वगळल्यामुळे जाहिरातदारांना दोन वर्षे फुगलेला आकडा दिसत होता. अशा आकड्यांची बेरीज म्हणजे डझन आणि पेट्या एकत्र मोजण्यासारखे आहे. प्रत्येक माध्यमाचा स्वतःचा फुकट अहवाल वेगवेगळा उघडून पाहणे कंटाळवाणे असते हे खरे, पण तिथे निदान मोजमाप कोणते आहे ते कळते.

संकेतस्थळावर कोण कुठून येते ते मोजायला आम्ही गूगल अ‍ॅनालिटिक्सच ठेवले आहे, आणि त्यातली माझी चूक सांगण्याजोगी आहे. या साधनाच्या चौथ्या आवृत्तीत वाचकांच्या हालचालींचा तपशील साठवून ठेवण्याची मुदत मुळात दोन महिने असते; सेटिंगमध्ये जाऊन ती चौदा महिने करता येते. मी ती केलीच नव्हती. पुढच्या मार्चमध्ये, मागच्या वर्षी मागणी नोंदवणारे लोक आधी कोणती पाने पाहून आले होते, हे शोधायला बसलो तर पडदा कोरा. साध्या अहवालांतील एकूण आकडे शाबूत होते, पण मला हवा होता तो मार्ग पुसला गेला होता. ज्यांचा धंदा हंगामी आहे, मग तो आंब्याचा असो, फराळाचा असो की दिवाळी अंकाचा, त्यांनी खाते उघडल्याबरोबर पहिल्याच दिवशी ही मुदत वाढवावी. नंतर वाढवून गेलेला तपशील परत येत नाही.

दुसरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपची. आमच्या मागण्या मुख्यतः ठाणे आणि डोंबिवलीतील सोसायट्यांच्या गटांमधून येतात. तिथे कोणीतरी दुवा टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सात-आठ पेट्यांची मागणी येते, पण अहवालात हे वाचक बहुतेक वेळा 'डायरेक्ट' या रकान्यात जाऊन बसतात, जणू त्यांनी पत्ता स्वतःच टाइप केला होता. यावर नवे साधन घ्यावे लागत नाही. दुव्याच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे स्रोताचे नाव सांगणारा छोटा मजकूर, जोडली की तो वाचक कोणत्या गटातून आला ते कळते, फक्त खूण एकाच पद्धतीने लिहावी लागते. पहिल्या वर्षी मी काही दुव्यांत 'व्हॉट्सअ‍ॅप' हा शब्द रोमन मोठ्या अक्षराने आणि काहींत लहान अक्षराने सुरू केला, तर अहवालाने ते दोन वेगळे स्रोत धरले. शिवाय पानाचा पत्ता देवनागरीत असेल तर दुवा चिकटवताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली वीतभर लांबीची माळ होते आणि पाहणाऱ्याला ती फसवणूक वाटते. म्हणून आमच्या मराठी लेखांचे पत्ते मी आता आखूड रोमन अक्षरांतच ठेवतो.

एकच साधन ठेवायचे म्हटले तर मी गूगलचे सर्च कन्सोल ठेवीन; गूगलच्या शोधातून लोक आपल्या संकेतस्थळावर कसे येतात ते त्यात दिसते. ते फुकट आहे, सोळा महिन्यांचा तपशील देते, त्यामुळे या एप्रिलची मागच्या एप्रिलशी तुलना होते, आणि लोकांनी गूगलमध्ये काय टाइप केले तेही बरेचसे दिसते. आम्ही बागेची सुंदर छायाचित्रे टाकत होतो, आणि लोक विचारत होते 'अढी कशी लावायची', 'देवगड हापूस कसा ओळखायचा'. त्यातही निम्मेअधिक जण रोमन लिपीत मराठी लिहून. मग ताईने पेंढ्यात आंबे कसे रचायचे, वर काय झाकायचे आणि फळ कधी उलटायचे यावर एक साधा लेख सांगितला आणि मी तो लिहून काढला. मागणीच्या पानावर जाणारे वाचक सर्वांत जास्त त्याच लेखातून जातात.

संकेतस्थळाचे वाचक मोजणारे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येणारे मॅटोमोही मी पाहिले होते. तपशील आपल्याच ताब्यात राहतो ही त्याची बाजू मोठी आहे, पण ते अद्ययावत ठेवायला कोणीतरी लागते, आणि ऐन एप्रिलमध्ये तो कोणीतरी मीच असणार होतो. दुसऱ्याच्या साधनावर विसंबण्याचा धोकाही मी मान्य करतो: गूगलने जुने युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३पासून थांबवले आणि फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, कोणती पोस्ट किती पसरली ते दाखवणारे क्राउडटँगल ऑगस्ट २०२४मध्ये बंद केले. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला लागतील तेवढे सात-आठ आकडे मी एका साध्या तक्त्यात उतरवून ठेवतो.

ताईच्या मागणीवहीत गेल्या वर्षापासून नाव, पत्ता आणि पेट्या यांच्यापुढे 'कुणाकडून कळले' असा चौथा रकाना आहे. रात्री फोनवर ती तो वाचून दाखवते आणि मी अहवालाशी ताडून पाहतो. जिथे माझ्याकडे 'डायरेक्ट' लिहिलेले असते, तिथे तिच्याकडे बहुधा 'चौथ्या मजल्यावरच्या काकू' असे असते.