वॉशिंग्टनकर

परवा दुपारी मॅच लावून लोळत पडलो होतो, वॉशिंग्टन सुंदर बोलिंगला आला आणि मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "ह्याचं आडनाव पुढे कसं काय रे?" म्हटलं अगं ते नावच आहे, त्याच्या वडिलांना मदत केलेल्या एका माजी सैनिकावरून ठेवलंय. "पण मुळात आडनावच ना?"

आता मलाही हा किडा आहेच. कोणी अमुककर भेटला की गाव कुठंय विचारायचं, आणि बहुतेकांनी ते बघितलेलं नसतं. आम्ही तरी कुठे बघितलंय, एकदा बाबांनी एसटीच्या खिडकीतून फाटा दाखवला होता, ते बघ आपलं गाव, मला एक पिवळी पाटी आणि एक म्हैस दिसली, झालं.

तर वॉशिंग्टन पण गावच, इंग्लंडच्या ईशान्येला, सन्डरलंडजवळ. बाराव्या शतकात हर्टबर्नचा कोणी विल्यम, म्हणजे हर्टबर्नकरच, त्याने ते गाव देऊन हे घेतलं आणि आडनावही बदलून टाकलं. असं असतं तर आम्ही एव्हाना डोंबिवलीकर. "त्यात काय, माझंही तसंच झालं," आई म्हणाली, मी पुढे सरकलो. १६५६ च्या सुमारास त्यातला एक जॉन व्हर्जिनियात गेला, तंबाखूचे मळे वगैरे, जॉर्ज वॉशिंग्टन त्याचा पणतू, आणि जॉर्जला स्वतःचं मूल नाही. तरी २००० च्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव लावणारे १,६३,०३६ लोक निघाले, त्यातले ९० टक्के काळे. गुलामी सुटल्यावर कित्येकांनी आडनाव आपलं आपणच निवडलं.

त्यातलाच बुकर. पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला, पण तेव्हा गुलामीत जन्मलेलं, नुकतं सुटलेलं पोर. शाळेत पहिल्यांदा हजेरी चालली होती आणि त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांना दोन-दोन नावं आहेत, आपल्याला एकच. नंबर येईपर्यंत त्याने जुळवलं आणि मास्तरांनी विचारल्यावर शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. गंमत म्हणजे वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र बापाचं नाव होतं, आडनाव नव्हे.

आईचा हात मेथीतच थांबला. मी पहिलीत जायच्या आदल्या रात्री तिने माझं पूर्ण नाव दहादा म्हणून घेतलं होतं, बाबांच्या नावापाशी मी दरवेळी अडखळायचो.

"एवढंसं पोर," ती म्हणाली, "त्याच्याकडून कोणी घोकून नव्हतं घेतलं का रे?"