बायच्या हातांची वही

रेट सिंड्रोम या मेंदूच्या दुर्मीळ आजारावर नवीन औषधाची बातमी आली की ती व्हॉट्सॲपवर आधी मला येते. मावशी पाठवते, ऑफिसातली मैत्रीण पाठवते, गल्लीतले काका कात्रणाचा फोटो काढून पाठवतात. सगळ्यांचा बायवर जीव आहे. त्या प्रत्येक बातमीत ‘रुग्णांमध्ये सुधारणा दिसून आली’ असं एक वाक्य हमखास असतं. मी तिथेच थांबते. कुणाला दिसली? कशात दिसली? आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

बाय माझी मुलगी, नऊ वर्षांची. आम्ही फोंड्याला राहतो. दीड वर्षाची होईपर्यंत ती ‘आई’, ‘मामा’ म्हणायची, उंड्याचा तुकडा आपल्या हाताने मोडून दुधात बुडवून खायची. आधी शब्द गेले, मग हात. आता तिचा डावा तळवा उजव्या मुठीवर घासत राहतो, छातीसमोर, जागी असेल तितका वेळ. मधेच मूठ तोंडात जाते. सांध्यांवरची कातडी लाळेने ओली राहून सोलवटते, तिथे मी रात्री खोबरेल लावते. झोप लागली की दोन्ही हात सुटे होतात. सुरुवातीला आम्हाला ऑटिझम सांगितला होता. रक्ताची जनुकीय तपासणी झाली तेव्हा एमईसीपी-२ या जनुकातला बदल सापडला, म्हणजे रेट सिंड्रोम.

सासूबाईंनी देवळात कौल लावला होता. गरोदरपणी ग्रहण पाळलं होतं ना, हेही विचारून झालं. म्हणून हे आधी स्पष्ट लिहिते: हा बदल जवळजवळ नेहमीच नव्याने घडतो, आणि बहुतेक वेळा तो वडिलांकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर असतो. घराण्यात कुणी नसतं. कुणाचंच काही चुकलेलं नसतं. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला हा आजार होतो.

या आजाराचा शोधच मुळी एका माणसाच्या नजरेने लागला. आंद्रेआस रेट हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. १९५४ साली त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या आणि दोघींचे हात एकसारखे चालले होते, हात धुतल्यासारखे. त्यांनी १९६६ मध्ये त्यावर जर्मन भाषेत लिहिलं, पण फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८३ मध्ये स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळलं. जनुक सापडलं १९९९ मध्ये, अमेरिकेत हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत. दोन आया त्या दिवशी शेजारी बसल्या नसत्या तर हे सगळं किती लांबलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता औषधाकडे येते. ट्रोफिनेटाइडला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रेटसाठीच मंजूर झालेलं ते पहिलं औषध. त्याच्या मुख्य चाचणीत ५ ते २० वर्षांच्या १८७ मुली होत्या आणि ती १२ आठवडे चालली. काहींना औषध, काहींना औषधासारखंच दिसणारं-लागणारं पण औषध नसलेलं पातळ द्रव्य. कुणाला काय मिळतंय हे ना घरच्यांना माहीत, ना डॉक्टरांना. निकाल दोन गोष्टींवर ठरला. एक, डॉक्टरांचं एकूण मत. दुसरी, ४५ प्रश्नांची प्रश्नावली, आणि ती भरायची मुलीला सांभाळणाऱ्या माणसाने. म्हणजे बहुतेक घरी आईनेच. श्वास रोखून धरते का, रात्री उगाच किंचाळते का, हाताची हालचाल थांबवता येते का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, जास्तीत जास्त ९०; त्रास जास्त तितके गुण जास्त. औषध घेणाऱ्या मुलींचे गुण सरासरी ४.९ ने उतरले, दुसऱ्या गटातल्यांचे १.७ ने.

बातमीतली ‘सुधारणा’ ती ही. मी ती कमी लेखत नाही. बायचं रात्रीचं किंचाळणं जरी थांबलं तरी आमचं अख्खं घर झोपेल. पण हा फरक तिने चमचा धरल्याचा नव्हे. आणि औषध घेणाऱ्या दर दहांपैकी आठ मुलींना जुलाब झाले, हेही त्याच चाचणीत नोंदलेलं आहे. जिला पोटात दुखतंय हे सांगता येत नाही आणि जिचं वजन मुळातच वाढत नाही, तिच्या आईला ही ओळ बातमीच्या शेवटी ठेवून चालत नाही.

आशा कुठे आहे म्हणाल, तर २००७ च्या एडिनबरोतल्या कामात. एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांत हे जनुक बंद ठेवलं, आजार दिसू लागल्यावर ते पुन्हा चालू केलं आणि लक्षणं मागे फिरली. म्हणजे या मेंदूतल्या पेशी मेलेल्या नाहीत. ते वाचून मी खूप रडले होते. जीन थेरपीच्या, म्हणजे पेशींत चांगलं जनुक पोचवण्याच्या उपचाराच्या, चाचण्या त्याच वाटेने चालल्या आहेत, पण वाट अरुंद आहे. हे जनुक प्रमाणाबाहेर झालं तर वेगळाच गंभीर आजार होतो. शिवाय आमच्या मुलींच्या काही पेशींत चांगली प्रत चालू असते, काहींत बिघडलेली, आणि जनुक वाहून नेणारा विषाणू दोन्हींत शिरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा एका चाचणीत मोठा डोस मिळालेला एक रुग्ण दगावला. तो डोस मग बंद झाला, कमी डोसची चाचणी पुढे चालू राहिली. त्या घराची आठवण न ठेवता मला पुढची बातमी वाचता येत नाही.

या नव्या चाचण्यांत मोजणीही बदलते आहे. गेलेलं किंवा कधीच न आलेलं कौशल्य आता आलं का, हे व्हिडिओवरून तपासतात. असं आपोआप होत नाही हे कशावरून? तर २००६ पासून अमेरिकेत हजारावर रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या त्यावरून. एका ठरावीक वयानंतर गेलेला हात स्वतःहून परत येणं फार दुर्मीळ, हे त्या नोंदी सांगतात. बिनऔषधाच्या मुलींच्या त्या कंटाळवाण्या नोंदींवरच उद्याच्या औषधाचा निकाल उभा राहणार आहे.

मी पतसंस्थेत काम करते, खतावणी लिहिण्यात माझा दिवस जातो. बायचीही वही आहे. श्वास रोखला तर किती वेळ, पोट हवेने फुगलं का, आकडी आली का, आणि हात. तिच्या डाव्या कोपराला मऊ पट्टी बांधली की उजवा हात थोडा मोकळा होतो. यंदा चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना आम्ही पट्टी बांधून तिला खाली बसवलं. त्यातली लालभडक कांगलां, ही रानफळं, तिच्या समोर धरली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. या मुली नजरेनेच बोलतात, पेज की रसबाळी केळं हेही ती डोळ्यांनीच सांगते. मग बोटं उघडली, कांगलांना लागली आणि परत मिटली. धरलं नाही, लागली. वहीत मी तेवढंच लिहिलं, आणि माझ्या भावाने ते मोबाइलवर टिपलं.

गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कुणाच्या घरी अशी मुलगी असेल तर त्यांना माझं सांगणं: दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, तिच्या हातांचा आणि श्वासाचा छोटा व्हिडिओ काढा, तारीख बोलून. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाताना तो सोबत न्या. ओपीडीत मूल घाबरलेलं असतं, तिथे जे दिसतं ते तिचं नेहमीचं नसतं. ईसीजी आणि पाठीचा कणा न चुकता तपासून घ्या.

आणि ‘स्टेम सेलने बरी करतो’ म्हणून लाखांचा आकडा सांगणारा फोन आला तर पैसे देऊ नका. रेटसाठी असा उपचार मान्य नाही; आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे तो चाचणीबाहेर देताच येत नाही. कुणी ‘ही चाचणीच आहे’ म्हटलं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, तो वेबसाइटवर कुणालाही शोधता येतो. एथिक्स कमिटीची मंजुरी विचारा. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं. आपल्याला मराठीत वाचायचं असेल तर मराठीत मागा, घरी आणून सासूबाईंसकट सगळ्यांनी वाचा, आणि मगच सही करायची की नाही ते ठरवा.