पाटीवर ११.१, मीटरवर १२.६

केप्याच्या सड्यावर आज एका फोमच्या रिमोटवरच्या विमानातून बॅटरी जोडताक्षणी धूर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) २ ते ३ सेलचा, बॅटरी ४ सेलची. कनेक्टर सारखाच, म्हणून बसली. कनेक्टर बसला म्हणजे व्होल्ट जुळले असं नसतं, बाबांनो!

लायपोच्या (लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या) पाटीवर सेलमागे ३.७ लिहितात, ३ सेलला ११.१, पण फुल चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. म्हणजे ३ सेल १२.६, ४ सेल १६.८. ईएससीची मर्यादा या आकड्याशी ताडायची.

समजा ईएससी ४ सेलचा आहे, पण मोटर आणि पंखा ३ सेलच्या हिशेबाचे. १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्यांची) मोटर बिनभार १२,६०० फेऱ्यांवरून १६,८०० वर जाते. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनात वाढते, म्हणजे सव्वादोन पटीहून जास्त. वाइंडिंग जळणारच. पंखा लहान लावा, वॉटमीटरवर अँपिअर बघा, मगच उडवा.

सर्व्हो, म्हणजे विमानाच्या पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी, वेगळे. साधे ४.८ ते ६ व्होल्टचे. २ सेलची बॅटरी थेट रिसीव्हरला दिली तर ८.४ जातात. एचव्ही (जास्त व्होल्टचे) सर्व्हो नसतील तर बीईसी, म्हणजे रिसीव्हर-सर्व्होसाठी व्होल्ट उतरवणारा सर्किट, हवाच. लिनियर बीईसी १२.६ चे ५ करताना १ अँपिअरला ७.६ वॉट नुसती उष्णता काढतो. चार सर्व्हो असतील तर स्विचिंगचाच घ्या.

आणि ईएससीचा कटऑफ (बॅटरी उतरली की मोटर थांबवणारी सोय) लायपोच्या सेटिंगवर ठेवा, निकेल बॅटरीच्या नाही. सेल ३ व्होल्टखाली गेला की फुगतो. फुगलेली बॅटरी गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात तर मुळीच नाही.